अंगावरून वारं गेलं, पण कुठलं?

लेनिनला पहिला झटका आला मे १९२२ मध्ये. वय ५२. त्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी त्याच्या मानेतली १९१८ च्या हल्ल्यातली बंदुकीची गोळी काढली होती, कारण डोकेदुखी त्या गोळीतल्या शिशामुळे असावी अशी शंका होती. गोळी निघाली, पण झटके काही थांबले नाहीत. मार्च १९२३ च्या झटक्यात उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. जन्मभर भाषणं ठोकलेला माणूस दोन-चार शब्दांवर आला. २१ जानेवारी १९२४ ला तो गेला.

आता स्टॅलिन. १ मार्च १९५३ च्या रात्री तो आपल्या डाचामध्ये जमिनीवर पडलेला सापडला. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. देशातले नामांकित डॉक्टर जमले आणि इतर उपायांबरोबर त्यांनी त्याला चक्क जळवा लावल्या. ५ मार्चला तोही गेला.

मंडळी, दोघांची लक्षणं पुन्हा वाचा. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बिघाड कुठे? दोघांच्याही मेंदूच्या डाव्या भागात. इथपर्यंत तंतोतंत सारखं. पण शवविच्छेदनात दोन उलट गोष्टी निघाल्या. लेनिनच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या चुना साचून इतक्या कडक झाल्या होत्या की चिमट्याने टकटक केलं तर दगडासारखा आवाज यायचा, आणि डाव्या बाजूची मुख्य धमनी पूर्ण बंद होती. स्टॅलिनच्या मेंदूत मात्र वाहिनी फुटून रक्त पसरलं होतं. एकाला रक्त पोचलं नाही म्हणून झालं, दुसऱ्याला रक्त बाहेर आलं म्हणून झालं.

सोसायटीत राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. सकाळी नळाला पाणी नाही. कारण काय? पाइप चोक झाला असेल किंवा पाइप फुटला असेल. नळाकडे कितीही वेळ बघत बसलात तरी ते कळणार नाही, कारण नळ दोन्ही वेळा कोरडाच दिसतो. आणि उपाय तर एकदम उलटे. चोक झाला तर जोर लावून मोकळा करायचा. फुटला असेल तर जोर लावला की घरात पूर.

स्ट्रोकचे प्रकार ओळखण्याचा इतिहास म्हणजे कोरड्या नळाकडे बघून पाइपात काय झालं असेल याचा अंदाज बांधण्याचा इतिहास. तो दोन हजार वर्षांहून मोठा आहे, आणि त्याचा निकाल लागला तो जेमतेम पन्नास वर्षांपूर्वी. या वीकांताला त्याबद्दलच लिहायचं ठरवलंय, कारण त्यातून निघणारा धडा डॉक्टरांपेक्षा तुमच्या-माझ्या घरात जास्त उपयोगी आहे असं मला वाटतं.

सुरुवात नावांपासून करू. ग्रीक लोक याला 'अपोप्लेक्सिया' म्हणत, म्हणजे फटका बसून कोसळणं. इंग्रजीतला 'स्ट्रोक' हा शब्दही फटकाच, मुळात देवाच्या हातचा. आपल्याकडे फटक्याऐवजी वारं आलं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा एक अख्खा अध्याय आहे. त्यात पक्षाघात म्हणजे एक बाजू जाणं, एकांगरोग म्हणजे एकच हात किंवा पाय जाणं, सर्वांगरोग म्हणजे सगळंच अंग जाणं, आणि तोंड वाकडं झालं की अर्दित. आपण आजही 'अर्धांगवायू' म्हणतो, आजी 'अंगावरून वारं गेलं' म्हणते, तो हाच वात. (लकवा हा शब्द फारसीच्या वाटेने आला.)

ही सगळी वर्गीकरणं अतिशय बारकाईने केलेली आहेत. पण ती केली आहेत ती नळाकडे बघून. ग्रीकांनी फटका जोराचा की सौम्य यावर भर दिला. जोराच्या फटक्यातून माणूस उठत नाही एवढं त्यांना अनुभवाने कळलं होतं. आपल्या वैद्यांनी कुठलं अंग गेलं यावरून भाग पाडले. डोक्याच्या एका बाजूला जखम झाली की शरीराची दुसरी बाजू बिघडते हेही हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी टिपून ठेवलं होतं. एवढं निरीक्षण करूनही रोग मेंदूतल्या नळांचा आहे हे कळलं नाही, कारण रक्त नळांतून गोल फिरतं हेच मुळी कुणाला माहीत नव्हतं. ते विल्यम हार्वेने दाखवलं १६२८ मध्ये. तोपर्यंत कफाने मेंदूच्या पोकळ्या तुंबतात हे गेलनचं म्हणणं युरोपात दीड हजार वर्षं चाललं.

हार्वेनंतर तीस वर्षांनी, १६५८ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन गावच्या योहान याकोब वेप्फर नावाच्या डॉक्टरने एक पुस्तक काढलं. त्यात फटक्याने मेलेल्या चार माणसांच्या कवट्या उघडून आत काय दिसलं ते लिहिलं होतं: मेंदूत रक्त सांडलेलं. आणि पुढे त्याने असंही लिहिलं की मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्या आतून बुजल्या तरीही असाच फटका बसू शकेल. म्हणजे फुटणं आणि तुंबणं, दोन्ही शक्यता एकाच माणसाने मांडल्या, छत्रपती शिवाजी महाराज प्रतापगडाच्या आसपास होते त्या काळात!

सहा वर्षांनी, १६६४ मध्ये, इंग्लंडच्या थॉमस विलिसने मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं कडं नीट समजावून सांगितलं. (त्याच्या पुस्तकातली चित्रं काढणाऱ्यांत क्रिस्तोफर रेन होता, तोच तो लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा.) विलिसला एक विचित्र केस मिळाली. एका माणसाची उजवी कॅरोटिड, म्हणजे मानेतली मुख्य धमनी, पूर्ण बंद होती. पण हयातभर त्याला पक्षाघात झालाच नव्हता, तो भलत्याच आजाराने गेला. कारण कडं असल्यामुळे दुसऱ्या बाजूने पुरवठा चालू राहिला. आमच्या धंद्यात याला फेलओव्हर म्हणतात. पण इथेच निदानाची पंचाईत सुरू होते. दोन माणसांची तीच धमनी बंद पडली, एकाची अर्धी बाजू गेली आणि दुसऱ्याला पत्ताही लागला नाही, तर लक्षणांवरून कारण कसं शोधायचं?

१७६१ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, पादुआच्या मोर्गान्यीने जन्मभराच्या शवविच्छेदनांचा ग्रंथ छापला; सुमारे सातशे केसेस. त्याने फटक्याचे भाग केले: 'रक्ताचा', 'पाण्याचा' (मेंदूत पाणी साठलेलं दिसतं तो), आणि दोन्हीत न बसणारा. यातला पाण्याचा प्रकार पुढे टिकला नाही, कारण ते पाणी रोगाचं कारण नव्हतंच. पण तोवर पुस्तकी नियम होऊन बसला होता. धडधाकट, लालबुंद माणूस पडला तर रक्ताचा फटका, म्हणून शीर कापून रक्त काढा. फिकट, अशक्त म्हातारा पडला तर पाण्याचा, म्हणून जपून. आता विचार करा, ज्याच्या मेंदूला आधीच रक्त पोचत नाहीये त्याचं आणखी रक्त काढलं जात होतं. चुकीच्या वर्गीकरणाची किंमत पेशंट मोजतो, ती अशी.

एडिंबराच्या जॉन ॲबरक्रॉम्बीने १८२८ मध्ये हे रक्त-पाणी भेद लक्षणांवरून ओळखता येत नाहीत असं स्पष्ट सांगितलं आणि आजार कसा सुरू होतो त्यावरून तीन गट केले. एकदम बेशुद्ध पडणारे. आधी भयंकर डोकं दुखून, उलट्या होऊन, मग हळूहळू बेशुद्धीत जाणारे. आणि शुद्धीवर असूनही हात-पाय किंवा बोलणं गेलेले. हे गट फार कामाचे होते. दुसऱ्या गटातल्या माणसांच्या मेंदूत उघडल्यावर रक्ताचा मोठा गोळा सापडायचा. पण पहिल्या गटात कधी रक्त, कधी काहीच नाही. तिसऱ्यात तर सगळीच सरमिसळ.

मधल्या काळात पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात (म्हाताऱ्या, निराधार बायकांचं ते प्रचंड मोठं इस्पितळ) लेओन रोस्तांने १८२० मध्ये एक नवी गोष्ट नोंदवली होती. बऱ्याच जणींच्या मेंदूत रक्त नव्हतं, पण एक भाग दह्यासारखा मऊ पडलेला होता. हे मऊ पडणं कशामुळे? सूज, म्हणाले काही. वार्धक्य, म्हणाले दुसरे. उत्तर दिलं बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खोने १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, तेही ऐन पंचविशीत. वाहिनीत जागच्या जागी गुठळी होते ते थ्रॉम्बोसिस, आणि एका ठिकाणची गुठळी सुटून वाहत जाऊन दुसरीकडे अडकते ते एम्बोलिझम. दोन्ही शब्द त्यानेच रूढ केले. म्हणजे पाय किंवा हात बिघडला मेंदूमुळे, मेंदू बिघडला धमनीमुळे, आणि धमनी तुंबली कदाचित हृदयातून आलेल्या गुठळीमुळे! बग एका मॉड्यूलमध्ये दिसतो आणि असतो तिसऱ्याच मॉड्यूलमध्ये, तसलाच प्रकार.

पुढची शंभर वर्षं या तक्त्यात रकाने भरत गेले. १८६८ मध्ये शार्को आणि बुशार यांनी फुटलेल्या मेंदूतल्या बारीक धमन्यांवरचे फुगे दाखवले. १८९१ मध्ये क्विंकेने पाठीच्या कण्यातलं पाणी सुईने काढायची पद्धत आणली. त्या पाण्यात रक्त आलं तर मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालाय हे जिवंतपणीच कळू लागलं, आणि १९२४ मध्ये चार्ल्स सायमंड्सने त्या आजाराचं चित्र पक्कं केलं: आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं अचानक दुखणं, मान ताठ होणं. १९०१ मध्ये प्येर मारीने मेंदूच्या खोल भागातली छोटी छोटी भोकं वर्णन केली, 'लाक्यून'. बारीक वाहिन्या बंद पडून झालेली. आणि १९२७ मध्ये लिस्बनच्या मोनिझने धमनीत औषध सोडून एक्सरे काढला आणि जिवंत माणसाच्या मेंदूतल्या वाहिन्या पहिल्यांदा दिसल्या.

इथे दोन माणसांबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं.

पहिला सी. मिलर फिशर. कॅनडाचा नौदलातला डॉक्टर. १९४१ मध्ये त्याचं जहाज जर्मनांनी बुडवलं आणि युद्धातली काही वर्षं तो कैदेत होता. परत आल्यावर माँट्रियलमध्ये त्याला एक पेशंट भेटला. त्याला एका बाजूचा पक्षाघात झाला होता, पण त्याआधी काही वेळा एका डोळ्यापुढे काही मिनिटं अंधारी येऊन गेली होती. फिशरला खटकलं ते हे की डोळा 'चुकीच्या' बाजूचा होता. ज्या बाजूचा हात-पाय गेला त्याच्या विरुद्ध बाजूचा. पेशंट चुकतोय म्हणून सोडून देता आलं असतं. त्याने सोडलं नाही. मानेतली कॅरोटिड धमनी आपल्याच बाजूच्या डोळ्याला रक्त देते, आणि मेंदूच्या त्याच बाजूलाही. पण मेंदूची ती बाजू हात-पाय चालवते ते विरुद्ध अंगाचे. म्हणजे बिघाड मेंदूत नसून खाली मानेत! तोवर शवविच्छेदनात कवटी उघडायचे, पण मानेतल्या धमन्या सहसा कुणी बघत नसे. फिशरने बघितल्या, आणि १९५१ मध्ये छापून सांगितलं की खूपसे स्ट्रोक मानेतल्या धमनीतून येतात आणि येण्याआधी छोटे इशारे देतात. त्याच दशकात ती धमनी उघडून साफ करायची शस्त्रक्रिया सुरू झाली. पुढे १९६५ मध्ये प्येर मारीच्या लाक्यूनांनाही त्यानेच लक्षणांशी जोडून दाखवलं.

दुसरे आपल्या मुंबईचे डॉ. पी. एम. दलाल. १९६५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. मेंदूच्या धमनीत वाहून आलेली गुठळी अडकलेल्या पेशंटांचे त्यांनी पुन्हा पुन्हा अँजिओग्राम काढले, आणि दिसलं असं की काही गुठळ्या काही काळाने आपोआप विरघळून जातात. म्हणजे धमनी उशिरा तपासली तर मोकळी दिसणार, आणि तुम्ही म्हणणार इथे तर काहीच अडकलं नव्हतं! आणि दुसरा अर्थ त्याहून मोठा: जे शरीर आपणहून हळू करतं ते औषधाने लवकर करता आलं तर?

पण गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं तर आधी खात्री हवी की पाइप फुटलेला नाही. ही खात्री करायचं खात्रीचं साधन १९६५ मध्ये नव्हतं.

ते आलं एका इंजिनीअरकडून. (हे लिहिताना माझी कॉलर थोडी ताठ होते, माफ करा.) गॉडफ्री हाउन्सफील्डकडे विद्यापीठाची डिग्री नव्हती. ईएमआय कंपनीत त्याने आधी कॉम्प्युटर बनवला होता. ईएमआय म्हणजे बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी, त्यामुळे बीटल्सच्या पैशांतून सीटी स्कॅन झाला अशी एक गोष्ट फिरत असते. खरं तर त्या कामात ब्रिटिश आरोग्य खात्याचा पैसा जास्त होता. हाउन्सफील्डची कल्पना अशी की डोक्यातून सर्व बाजूंनी एक्सरे पाठवायचे, पलीकडे किती पोचले ते मोजायचं, आणि प्रत्येक ठिपक्याची घनता गणिताने काढायची. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली इस्पितळात पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला. चित्र ८० गुणिले ८० ठिपक्यांचं, म्हणजे एकूण ६४००. आज मोबाइलवरचा आयकॉन यापेक्षा स्पष्ट असतो. पण त्या ६४०० ठिपक्यांत मेंदू दिसत होता. १९७९ मध्ये हाउन्सफील्डला ॲलन कॉर्मॅकबरोबर नोबेल मिळालं.

त्याच्या नावाच्या मापात पाणी शून्य, हवा उणे हजार, मेंदू तीस-चाळीसच्या आसपास आणि ताजं गोठलेलं रक्त साठ-सत्तरच्या घरात. त्यामुळे सांडलेलं रक्त स्कॅनवर पांढरंशुभ्र दिसतं. वेप्फरला जे बघायला कवटी उघडावी लागली ते आता दोन मिनिटांत, माणूस जिवंत असताना.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. तुंबलेला स्ट्रोक पहिल्या काही तासांत साध्या सीटीवर बहुधा नीट दिसतच नाही. स्कॅन 'नॉर्मल' येतो. म्हणजे 'स्कॅन नॉर्मल आहे, काही झालं नाही' हा निष्कर्ष साफ चूक. समोर अर्धी बाजू लुळी पडलेला माणूस आणि स्कॅनमध्ये रक्त नाही, तर उत्तर बहुधा 'तुंबलं'. एरर लॉग रिकामा असणं ही पण माहितीच असते.

मग स्कॅन नसेल तिथे काय? लोकांनी फॉर्म्युले करून पाहिले. सर्वांत सुटसुटीत बँकॉकच्या सिरिराज इस्पितळातला, १९९१ चा. शुद्धीचे गुण (पूर्ण शुद्धीत ०, गुंगीत १, बेशुद्ध २) गुणिले अडीच. उलटी असेल तर अधिक दोन. डोकं दुखत असेल तर अधिक दोन. खालचं ब्लडप्रेशर गुणिले ०.१, डायबेटिस, अंजायना किंवा चालताना पोटऱ्या दुखण्याचा आजार असेल तर उणे तीन, शेवटी उणे बारा. उत्तर एकच्या वर तर रक्तस्राव, उणे एकच्या खाली तर तुंबलेलं, मधे आलं तर माहीत नाही. करून बघा: शुद्धीत आहे, उलटी नाही, डोकं दुखतंय, खालचं प्रेशर १००, डायबेटिस वगैरे नाही. २ + १० − १२ = शून्य. माहीत नाही! आणि जिथे उत्तर येतं तिथेही ते जिवावर बेतणारं औषध देण्याइतकं भरवशाचं नाही, असंच ठिकठिकाणी पडताळून पाहिल्यावर निघालं. ॲबरक्रॉम्बीपासून चाललेला प्रयत्न इथे संपला असं म्हणायला हरकत नाही. नुसत्या नळाकडे बघून पाइप कळत नाही.

हे वर्गीकरण घाईचं केव्हा झालं? डिसेंबर १९९५ मध्ये. अमेरिकेतल्या ६२४ पेशंटांवरच्या चाचणीचा निकाल छापून आला: तुंबलेला स्ट्रोक सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत टीपीए हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे असलेले लोक जास्त. पण त्रास वाढवणारा मेंदूतला रक्तस्राव औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के, न घेतलेल्यांत ०.६. तुंबलेल्या पेशंटांत धोका एवढा, तर ज्याचा पाइप मुळात फुटलाय त्याला हे दिलं तर काय होईल ते सांगायला नको. २००८ मध्ये मुदत साडेचार तासांवर गेली. २०१५ मध्ये जांघेतून तार घालून मोठी गुठळी ओढून काढण्याची पद्धत सिद्ध झाली आणि २०१८ पासून निवडक पेशंटांत ती चोवीस तासांपर्यंत उपयोगी ठरू लागली. पण 'चोवीस तास आहेत' म्हणून निवांत बसू नका. मोठी धमनी बंद असताना दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात असा २००६ चा एक हिशोब आहे.

फुटलं की तुंबलं हे कळल्यावर पुढचा प्रश्न: तुंबलं तर कुठे आणि कशामुळे? 'कुठे'चं चांगलं उत्तर ऑक्सफर्डशरमधून आलं. १९८१ ते ८६ दरम्यान तिथल्या सुमारे एक लाख लोकांमधला प्रत्येक पहिला स्ट्रोक नोंदला गेला, ६७५ निघाले. त्यांतल्या तुंबलेल्या ५४३ जणांचे १९९१ मध्ये बॅमफर्ड आणि मंडळींनी निव्वळ लक्षणांवरून चार गट केले: पुढच्या भागातला पूर्ण, पुढच्या भागातला अर्धवट, खोल बारीक वाहिनीचा, आणि मागच्या भागातला. यासाठी महागडं काही लागत नाही, हातोडी आणि टॉर्चवर भागतं, आणि पुढे पेशंटचं काय होणार याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. बघा, लक्षणं 'कुठे' हे छान सांगतात. 'काय' हे सांगत नाहीत.

'कशामुळे'चं उत्तर १९९३ चं, नाव टोस्ट. मुळात हे एका औषधाच्या चाचणीसाठी केलेलं वर्गीकरण. ते औषध नापास झालं, वर्गीकरण जगभर राहिलं! त्यात पाच रकाने:

१. मोठ्या धमनीत साचलेला थर
२. हृदयातून आलेली गुठळी
३. बारीक वाहिनी बंद
४. इतर, पण सापडलेलं कारण
५. कारण ठरलं नाही

पहिल्यात मानेची शस्त्रक्रिया करावी लागू शकते, दुसऱ्यात रक्त पातळ ठेवणारं औषध जन्मभर, तिसऱ्यात मुख्यतः प्रेशर आणि साखर. रकाना बदलला की उपचार बदलतो, म्हणून हे रकाने टिकले. पाचवा मात्र घोटाळ्याचा. त्यात सगळं तपासून काही न सापडलेले, दोन-दोन कारणं सापडलेले, आणि नीट तपासलेच नाहीत असे, सगळे एकाच पोत्यात. आम्ही कोडमध्ये शेवटी 'डिफॉल्ट' लिहून मोकळे होतो ना, तसं. २०१४ मध्ये या पोत्यातून एक नवा गट वेगळा काढला गेला: गुठळी कुठूनतरी वाहत आलीय पण उगम दिसत नाही. वाटलं, यांना रक्त पातळ करणारी नवी औषधं द्यावीत. २०१८ आणि २०१९ च्या मोठ्या चाचण्यांत ती साध्या ॲस्पिरिनपेक्षा सरस ठरली नाहीत. नाव नवं मिळालं, पण निर्णय बदलला नाही.

आता धडा. या सगळ्या इतिहासात दोन वेगळी कामं एकमेकांत गुंतली होती: हा स्ट्रोक आहे हे ओळखणं, आणि तो कुठला आहे हे ठरवणं. दुसरं काम वेप्फरपासून फिशरपर्यंत भल्याभल्यांना मशीनशिवाय जिवंत माणसात खात्रीने जमलं नाही. पहिलं काम मात्र इतकं सोपं निघालं की १९९८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला ते ॲम्ब्युलन्सवाल्यांसाठी चार शब्दांत बसवलं गेलं. चेहरा: हसायला सांगा, एक बाजू लोंबते का? हात: दोन्ही वर धरायला सांगा, एक खाली येतो का? बोलणं: एक वाक्य म्हणायला सांगा, अडखळतं का? वेळ: यातलं एक जरी असलं तरी घड्याळ बघा आणि निघा. मागच्या भागातले स्ट्रोक यातून निसटतात, म्हणून पुढे तोल अचानक जाणं आणि डोळ्यांनी अचानक कमी किंवा दुहेरी दिसणं हे दोन जोडले गेले.

आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं. ओळखण्यात वेळ जातो ('पित्त झालं असेल', 'हाताला रग लागली असेल', 'झोपू दे, सकाळी बघू') आणि वर्गीकरण मात्र घरीच उरकलं जातं. प्रेशरवाले आहेत म्हणजे हॅमरेजच. नाहीतर हार्ट अटॅकला देतात म्हणून एक ॲस्पिरिन तोंडात. स्कॅनच्या आधी ॲस्पिरिन म्हणजे पाइप फुटलाय की नाही हे न बघता पंप चालू करणं. वर पाणी पाजायचं, जेव्हा गिळायची ताकदच गेलेली असू शकते. आणि कुणीतरी हमखास कबुतराचं रक्त चोळायचा पत्ता सांगतो.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे पाच-दहा मिनिटांत आपोआप बरा होणारा. फिशरच्या पेशंटच्या डोळ्यापुढची अंधारी, तोच. पूर्वी व्याख्या होती की चोवीस तासांत बरं झालं तर तो 'तात्पुरता'. हा चोवीसचा आकडा नुसता सोयीचा होता. एमआरआयने दाखवलं की त्यातल्या कित्येकांच्या मेंदूत कायमचा डाग पडलेला असतो, म्हणून २००९ मध्ये व्याख्या घड्याळावरून काढून मेंदूच्या पेशींवर आणली गेली. आणि ऑक्सफर्डच्याच २००७ च्या अभ्यासात अशा छोट्या झटक्यानंतर लगेच उपचार सुरू केले तेव्हा पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटलं. तेव्हा 'आता बरं वाटतंय' हे घरी थांबायचं कारण नाही, त्याच दिवशी जायचं कारण आहे.

म्हणून एवढंच लक्षात ठेवा. 'कुठलं वारं' हे ठरवायचं काम तुमचं नाही, माझं नाही, आणि स्कॅन नसेल तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचंही नाही. आपण चेहरा, हात, बोलणं बघायचं, सगळं ठीक असताना शेवटचं कधी पाहिलं ती वेळ कागदावर लिहायची (इस्पितळात पहिला प्रश्न तोच असतो), १०८ ला फोन करायचा, आणि जिथे सीटी स्कॅन रात्रीही चालू असतो अशा इस्पितळात थेट जायचं. आपल्या जवळ असं इस्पितळ कुठलं आहे, हे आजच एकदा विचारून ठेवा. रविवार आहे, वेळ आहे.